उधारीचा रेडिओ

ऑनलाइन लिलावात वस्तू विकणाऱ्या माणसांच्या जगात दोनच जाती आहेत. एक, पैसे मिळाल्यावर माल पाठवणारे, आणि दुसरे आमचे खालच्या मजल्यावरचे काका. या दुसऱ्या जातीत काका एकटेच होते. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ते राहायचे आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर आम्ही. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात काका वर आले आणि म्हणाले, "पायांचा आवाज झालो तरी चलात, पण मिक्सर लावताना सांगत जा गो. बातम्यांत खरखर येता." तेव्हापासून चटणी वाटायच्या आधी मी खिडकीतून ओरडायचे आणि काका खालून "वाट!" म्हणायचे.

काका कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा ते ऐन तिशीत होते. त्यांनी जिन्याखालच्या खोपटात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि पुढची चाळीस वर्षं जगाने रेडिओ ऐकणं सोडलं आहे, ही बातमी स्वतःच्या कानापर्यंत येऊ दिली नाही. लोक बिघडलेला रेडिओ टाकून जात आणि न्यायला येत नसत. काका तो दुरुस्त करून ठेवत. काकी होत्या तोवर त्या प्रत्येक नव्या रेडिओकडे बघून "इलो आणखी एक पावणो" एवढंच म्हणायच्या आणि त्याच्यासाठी फडताळात जागा करायच्या. मूलबाळ नव्हतं. काकी गेल्या तेव्हा घरात एक माणूस आणि एकेचाळीस रेडिओ उरले.

त्यांना लिलावाच्या ॲपवर आणण्याचं पाप माझं. फोटो मी काढले, वर्णनं मी लिहिली. पहिला ट्रान्झिस्टर नागपूरच्या एका दंतवैद्यांनी जिंकला. पैसे यायचे होते आणि काका तर खोक्याला सुतळी बांधत बसलेले. मी म्हटलं, "काका, आधी पैसे येऊ देत, मग पाठवायचं असतं." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. मग मला त्यांच्या गावची रीत कळली. त्यांच्या गावी जत्रेला देवासमोर ठेवलेल्या नारळांचा, केळीच्या घडांचा लिलाव होतो. बोली लागली की नारळ त्याच क्षणी घरी न्यायचा आणि पैसे पुढच्या वर्षी, त्याच जत्रेला, त्याच जागी आणून ठेवायचे. "बोली लागली म्हणजे लागली," काका म्हणाले. "आमच्या गावात लोकांनी घरं विकली, पण नारळाचे पैशे बुडवूक नाय."

दंतवैद्यांनी बुडवले. त्यांच्यानंतर इंदूरच्या एकाने, वसईच्या एकाने, आणि पुण्याच्या एका गृहस्थांनी तर "बोली माझ्या नातवाने चुकून दाबली" असं कळवलं. काकांनी उत्तर पाठवलं, "मग रेडिओ नातवालाच द्या, त्याला आवड दिसते." ॲपवर सोय होती, चार दिवसांत पैसे आले नाहीत की तक्रार करायची, सौदा रद्द करायचा आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला वस्तू द्यायची. काकांना ती सोय ऐकूनच कसंतरी व्हायचं. "साखरपुडो मोडून दुसऱ्याक मुलगी देवची तसा झाला ह्या," म्हणायचे.

पण ते स्वस्थही बसत नसत. पैसे न देणाऱ्याला ते महिन्यातून एकदा फोन करत. पैशांचं अवाक्षर नाही. "नमस्कार, मी बोरिवलीहून. रेडिओ बोलतो ना? एरियल खिडकीजवळ ठेवा, पाऊसपाण्यात सेल काढून ठेवा." समोरचा माणूस गडबडून जायचा. शिव्या खायची त्याची तयारी असायची, आणि हा माणूस ख्यालीखुशाली विचारतोय! कोल्हापूरच्या एका बुडव्याला तिसऱ्या फोननंतर इतकी लाज वाटली की पैसे पाठवलेच, वर गुळाची ढेप. दंतवैद्यांनी मात्र अखेरपर्यंत पैसे दिले नाहीत, पण दाढ दुखली की काका सल्ला त्यांनाच विचारत. मी चिडायचे. "काका, तुम्हाला लुटतायत हे लोक." त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "फोन उचलतत ना? मग?"

मग आमची इमारत पुनर्बांधणीला गेली. आम्ही भाड्याच्या घराचा शोध सुरू केला आणि काकांनी जाहीर केलं की आपण कायमचे गावी चाललो. चाळीस रेडिओ या ना त्या प्रकारे मार्गी लागले होते. उरला होता एक, शिसवी पेटीचा, हिरवा दिवा लागणारा. तो काकींचा. सकाळी स्वयंपाकघरात त्या तोच लावत, आणि त्यांच्या फोडणीचा वास आणि त्याचा आवाज एकदमच आमच्याकडे वर यायचे. गावच्या खाऱ्या हवेत त्याची पेटी फुगेल, आतलं सगळं गंजेल, म्हणून काकांनी छातीवर दगड ठेवून तो लिलावात घातला. "कोणाच्या तरी घरात बोलत रवांदे," एवढंच म्हणाले.

सहा दिवस कुणी बोली लावली नाही. सातव्या दिवशी दुपारी मुदत संपत आली तेव्हा काका दारात खुर्ची टाकून हातात फोन धरून बसलेले मला जिन्यावरून दिसले. मला ते बघवेना. मी माझं कॉलेजातलं जुनं खातं उघडलं. त्यावर नावाच्या जागी माहेरच्या मांजरीचं नाव होतं, मनी, आणि पत्ता नंतर कधीतरी घातलेला, पवईच्या ऑफिसचा. मी एक बोली टाकली. तेवढ्यात नाशिकहून कुणीतरी माझ्यावर बोली चढवली. खालून काकांचा आनंदाचा आवाज आला. मला चेव आला, मी आणखी टाकली. तो आवाज पुन्हा ऐकायचा म्हणून आणखी एकदा. नाशिकवाला थांबला. मुदत संपली. सात हजारांना रेडिओ माझ्या मेलेल्या मांजरीने जिंकला होता.

काका धावत वर आले. "पवईची कोण मनीबाई! चांगल्या घरातली दिसता!" आता या घरात तो रेडिओ आणायचा तरी कुठे, आणि सांगायचं तरी काय? मी ठरवलं, पैसे भरायचेच नाहीत. गावी निघायच्या घाईत काका या वेळी तरी कंटाळून सौदा रद्द करतील, नाशिकवाल्याला मिळेल. चौथ्या दिवशी काकांनी मला बोलावून मजकूर सांगितला, "सौ. मनीबाई यांस नमस्कार. पैशांची घाई नाही. रेडिओ घेऊन कधी येऊ?" मी त्यांच्या फोनवर तो टाइप करून पाठवला आणि माझ्या खिशात टिंग वाजलं. "तुझो फोन वाजलो गो," काका म्हणाले. मी म्हटलं, "बँकेचा असेल." इतकी खोटारडी मी आयुष्यात कधी नव्हते. मी त्यांना जीव तोडून सांगितलं की ही बाई बुडवी आहे, तक्रार करा. त्यांनी ऐकलं नाही. "नंबरसुद्धा नाय दिलान. भिडस्त आसतली बिचारी."

पुढच्या सोमवारी ऑफिसात खालून फोन आला, "मॅडम, कुणी मनीबाईंना शोधत आजोबा आलेत, हटतच नाहीत. तुमच्या विभागात आहेत का कुणी?" मी खाली गेले. काकींच्या गोधडीत गुंडाळलेला रेडिओ मांडीवर घेऊन काका पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले होते. घाम फुटलेला, शर्ट मात्र इस्त्रीचा. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अगो, तू हयच कामाक? मग तू मनीबाईक वळाखत असशील!"

"काका," मी म्हटलं, "मनी म्हणजे मीच."

काकांनी गोधडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग खाली बघत म्हणाले, "माझी दया इली काय गो तुका?"

मला रडू आलं. मी खरं ते सांगितलं. दया नव्हती. तुम्ही दारात बसला होता आणि तुमच्या रेडिओला कुणी विचारत नव्हतं, ते मला सहन झालं नाही. काकांनी मान हलवली. मग उठले आणि रेडिओ माझ्या हातात दिला. मी पर्स उघडायला लागले, तर म्हणाले, "आता नाय. रीत ती रीत. जत्रेक गावाक ये आणि हातात दे. फोनावरून पाठवलंस तर परत धाडीन."

काका गावी निघून गेले. सामान दोन पिशव्यांचं होतं. टॅक्सीत बसताना त्यांनी आमच्या खिडकीकडे बघितलं नाही. आम्हीही मुलुंडला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. रेडिओ ओट्याशेजारी ठेवला आहे. मिक्सर लावला की बातम्यांत खरखर येते, आणि दरवेळी माझा हात क्षणभर थांबतो. खाली कुणी ऐकणारं नसतं. माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे मला माहीत नव्हतं, तेही नात्याच्या नव्हे, नुसत्या खालच्या मजल्यावरच्या.

जत्रेला मी गेले. काका सकाळपासून फाट्यावर उभे होते म्हणे. वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, "ही माझी देणेकरीण, मुंबयसून इली." लोक माझ्याकडे आदराने बघत होते. घरी त्यांनी स्वतः रांधलेलं जेवण होतं, भात थोडा लागलेला. एका माणसाला पुरतील एवढीच भांडी, त्यांतलं ताट मला आणि स्वतःला पातेल्याचं झाकण. जुनं काही बोलायचं राहिलं नव्हतं, तरी तेच तेच बोलत होते. मी जरा उठले की विचारायचे, "गाडी कितीक?"

निघताना मी पाकीट पुढे केलं. सात हजार, कोऱ्या नोटा. काकांनी ते घेतलं, कपाळाला लावलं. घामट हातात थोडा वेळ धरून ठेवलं. आयुष्यात कुणाला पैसे मागितले नाहीत आणि कुणाची बोली रद्द केली नाही, असा हा माणूस. त्यांनी पाकीट परत माझ्या पर्समध्ये खुपसलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "ह्या वर्षाक नको गो. पुढल्या जत्रेक घेवन ये."

मी हो म्हटलं. ते फाट्यापर्यंत आले, गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले. काका आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. कर्जात राहणं मला लहानपणापासून आवडत नाही, पण हे एक देणं माझ्या अंगावर खूप वर्षं राहो, एवढंच मी त्यांच्या देवाकडे मागितलं.