पूड धुण्याचं पाणी

त्या दुष्काळात आमच्या हर्सूलच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि मी विद्यापीठात बॅटरीसाठी पूड धूत होते. पीएचडीचं शेवटचं वर्ष. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड कॉस्टिक सोड्यात शिजवली की केसाहून कितीतरी बारीक नळ्या तयार होतात. त्यांतून लिथियम झरझर आतबाहेर करतं, म्हणून बॅटरी पटकन चार्ज होते आणि पुष्कळ टिकते. पण सोडा पार धुऊन काढावा लागतो, तोही डिस्टिल्ड वॉटरनं. जरासा राहिला तरी सगळं मुसळ केरात.

धुणं अर्ध्यावर असताना आमच्या विभागप्रमुखांनी डिस्टिल्ड वॉटरचं यंत्रच बंद केलं. ते थंड ठेवायला नळ सतत सोडावा लागतो आणि पाणी गटारात जातं, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी म्हटलं, ते पाणी मी पिंपात साठवते. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले. आणि खिडकीबाहेर टँकर उभा! नव्या बॅटऱ्यांवरच्या परिषदेला पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी लॉन भिजवणं चाललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

औरंगपुऱ्याच्या बाजारातून तांब्याची नळी आणली. घरच्या कुकरची शिट्टी काढून तिथं बसवली आणि बादलीतल्या गार पाण्यातून फिरवून घेतली. वाफेचं पाणी थेंब थेंब बरणीत पडायला लागलं. आई चिडलीच.

"प्यायला पाणी नाय, अन् तू पूड धुवायलीस व्हय?"

तरी कुकरपाशी तीच बसून राहिली. बादलीतल्या पाण्यात भांडी घासायची, आणि स्वतःची अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची. मी बरण्या स्कूटरवरून प्रयोगशाळेत न्यायचे.

नळ्या छान निघाल्या. परिषदेत माझा सेल बघता बघता चार्ज झाला, टाळ्या पडल्या. मग प्रमुखांनी माइक घेतला. पाणी वाचवूनही विभागानं संशोधन थांबू दिलं नाही, म्हणाले. मी दातओठ खात ऐकत राहिले.

सोमवारी फलकावर सूचना लागली: विद्यार्थ्यांनी डिस्टिल्ड वॉटर आपापल्या घरून आणावं.

माझ्या प्रबंधावर प्रमुखांची सही अजून व्हायची होती. मैत्रीण माझा हात धरून मागं ओढत होती. मी ती सूचना काढली, त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्यासमोर टराटरा फाडली.

"सर, पाणी विभागानं नाही वाचवलं. माझ्या आईनं वाचवलं. पुढचं पाणी हवं असेल तर घरी येऊन तिच्याकडे मागा."