डब्यावर बसलेला गोली

जालन्यात आजवर जेवढे म्हणून गोली होऊन गेले, त्यांत आमच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतल्या इटलीच्या साहेबाइतका थोर गोली झाला नाही, आणि त्याच्याइतके कमी चेंडू कुणी अडवलेलेही नाहीत. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर करतो आहे. निजामी अमलातली गोष्ट. मी जिनिंगच्या कचेरीत मुन्शी होतो, म्हणजे दिवसभर हजेरी मांडायची आणि संध्याकाळी भोंगा झाला की फॅक्टरीच्या फुटबॉल टीममध्ये बॅकला खेळायचं. साहेब आला तो आमच्या नव्या इंजिनाबरोबर. इंजिन बसवून सहा महिन्यांत परत जायचं असं ठरलं होतं. पण इंजिन दर महिन्याला काहीतरी कुरकूर करी, आणि साहेबाला ज्वारीची भाकरी आवडू लागली होती, त्यामुळे तो राहिलाच. मराठी तो फिटरांकडून आणि गठाणी बांधणाऱ्यांकडून शिकला. हा घाऱ्या डोळ्यांचा धिप्पाड माणूस तोंड उघडायचा तेव्हा जुन्या जालन्यातच जन्मल्यासारखा बोलायचा.

इटलीत तो नऊ वर्षं पगारी गोली होता. चेंडू अडवायला कोणी पगार देतं, हे आमच्या हेड फिटरला शेवटपर्यंत पटलं नाही. पण साहेबाच्या सवयी पाहिल्या की विश्वास ठेवावाच लागे. कुठल्याही दारात उभा राहिला की तो आधी चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून बघायचा, मग दोन पावलं पुढे येऊन, गुडघे किंचित वाकवून थांबायचा. अशा वेळी कुणाला आत जायचं असेल तर हुलकावणी देऊन जावं लागे. आमचे मॅनेजर वयस्क आणि चांगले भरलेले होते. ते बाहेरूनच खिडकीतून सह्या करायचे. साहेबाकडे फेकलेला पाना कधी जमिनीवर पडला नाही, आणि दुसऱ्याकडे फेकलेलं लिंबूही मध्ये तोच झेलायचा. आमचा दुसरा बॅक सखाराम. त्याचं लग्न वडीगोद्रीला होतं. पहिल्या ‘सावधान’ला चहूबाजूंनी अक्षता सुटल्या आणि साहेब उडालाच. नवरदेवापुढे उभा राहून त्यानं पंजांनी, छातीनं आणि हॅटनं जमतील तेवढ्या अक्षता अडवल्या. सखारामच्या डोक्यावर चार दाणे पडले असतील तर शपथ. नवरीची आत्या म्हणाली, “ह्यो पाहुणा लगीन लागू देतो का न्हाई?” साहेब ओशाळून म्हणाला, “मी काय करू बाई, हात आपोआप चालून राह्यले.”

एवढं असून हा माणूस आमच्या टीममधून खेळायचा मात्र नाही. आमचा गोली रहीमभाई, गठाणी बांधणारा, चांगला कसलेला गडी. प्रत्येक मॅचला साहेब काळी जर्सी, गुडघ्यांना चामड्याच्या पट्ट्या, डोक्यावर टोपी असा नटून यायचा आणि गोलच्या खांबाशेजारी रॉकेलचा डबा पालथा घालून त्यावर नव्वद मिनिटं बसायचा. आग्रह केला की म्हणायचा, “पहिला गोली ठणठणीत असला तर दुसऱ्यानं बसायचं. कायदा हाय.” आम्हाला वाटायचं, मोठा माणूस आहे, आपल्यासारख्यांत कशाला खेळेल.

एका दुपारी इंजिन बंद पडलं होतं आणि आम्ही दोघंच सरकीच्या ढिगाला टेकून बसलो होतो. मी सहज विचारलं, “साहेब, नऊ वर्षांत किती चेंडू अडवले?” तो बोटांवरची काजळी पुसू लागला.

“दोन,” तो म्हणाला.

मला वाटलं, दोन हजार म्हणायचं असेल. पण नाही. नऊच्या नऊ वर्षं तो दुसरा गोली होता. “पहिला गोली घोड्यासारखा तब्येतीचा, मुन्शीजी. नऊ वर्षांत त्याला सर्दीबी झाली न्हाई. मी दर रविवारी तय्यार होऊन बसायचो. एकदा त्याच्या बहिणीचं लगीन होतं, त्या दिवशी मला उभं केलं. पन आमचे दोन्ही बॅक असे जबरदस्त, चेंडू माझ्यापर्यंत येऊच देइनात. दोनदा आल्ता, तो बी हळूहळू लोळत.” असं म्हणून तो हसला, मला मात्र हसू येईना. नऊ वर्षं उडीची तयारी करून बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ही गोष्ट मी सखारामला आणि रहीमभाईला सांगितली. पुढच्याच आठवड्यात अंबडला तिथल्या टीमशी मॅच होती. त्या सकाळी रहीमभाईला सर्दी झाली. कशी झाली ते विचारू नका. शिंक एकही ऐकू आली नाही. साहेब डब्यावरून उठला, दोन्ही खांबांना हात लावून आला आणि गुडघे वाकवून उभा राहिला. मग मी आणि सखारामनं जे केलं ते कुठल्याही बॅकनं आजवर केलं नसेल. अंबडचा गडी चेंडू घेऊन आला की आम्ही पाहुण्याला वाट करून द्यावी तसे बाजूला व्हायचो. अंबडवाले आधी बिचकले, मग चेव चढून मारू लागले. साहेब डावीकडे उडाला, उजवीकडे उडाला, मातीत लोळला, पोटात चेंडू घेऊन हसत उठला. आसपासच्या गावांतून आलेली माणसं स्वतःची टीम विसरून त्याच्या नावानं टाळ्या पिटत होती. चेंडू किती अडवले ते मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं. शेवटी एक कोपऱ्यातून आत गेला आणि आम्ही एका गोलनं हरलो. परत येताना बैलगाडीत साहेब सोललेली कोपरं बघत एवढंच म्हणाला, “आज काम केलं.” मला फार बरं वाटलं. त्याला काहीही कळलं नाही, या समाधानात मी झोपलो.

पुढे लढाई पेटली, इटली तिच्यात उतरली, आणि इंजिनाला तेल घालणारा आमचा साहेब एका दिवसात इंग्रज सरकारचा शत्रू ठरला. त्याला नजरकैदेच्या छावणीत न्यायला दोन शिपाई आले. सगळी टीम स्टेशनवर गेली. साहेबानं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मुन्शीजी, अंबडला तुम्ही सरकले. मला बराबर दिसलं. बॅकनं सरकायचं नसतं, ध्यानात ठेवा. अन् रहीमभाईला सांगा, सर्दीची काळजी घे.” मी नुसती मान हलवली.

गाडी हलली. साहेब डब्याच्या दारात उभा होता. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून झाले होते. माझ्या पाठीमागून सखारामनं बगलेतला चेंडू जोरात दाराकडे भिरकावला. तो नेमका माझ्याच रोखानं आला, आणि आत्ताच मान हलवून कबूल केलेलं असतानाही मी बाजूला सरकलो. साहेबानं तो छातीशी धरला, आणि गाडी सिग्नलपलीकडे जाईपर्यंत त्यानं तो तसाच धरलेला दिसत होता.