दाराआडचा आठवा घटक

"आठवा कुठाय?" डस्टर बाकावर आपटून सर गरजायचे, आणि प्रयोगशाळेच्या दाराआड मी शर्ट खोचून तयार असायचो.

रत्नागिरीच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी मराठी. पण दरवर्षी रक्त गोठण्याच्या धड्याला त्यांच्या नाटकात माझं काम ठरलेलं. पुढचं बाक म्हणजे जखमेवर चिकटलेली प्लेटलेट. त्यावर एक पोरगा रक्तातला नववा घटक होऊन बसे. त्याने दहाव्याला जागं करायचं. पण एकटा असला की हा इतका सुस्त, की जखमी माणूस वाट बघूनच जायचा!

मग आठवा म्हणून माझी एंट्री. वर्ग शिट्ट्या मारी. मी नवव्याला खेटून बसे, कॅल्शियम झालेली मुलगी आम्हांला बाकाशी धरून ठेवी, आणि नवव्याच्या अंगात जे वारं शिरे! भराभर दहावे उठवी. दहावा आपला जोडीदार पाचवा गाठून रक्तात धागे विणवणारं थ्रॉम्बिन तयार करी, आणि शेवटी सगळा वर्ग हातात हात गुंफून मिरकरवाडा बंदरातल्या कोळ्यांच्या जाळ्यासारखा पसरे.

"अडकलं रक्त!" सर टाळ्या पिटायचे. "आणि मराठीवाल्यांनी काय केलं? काही नाही. नुसते शेजारी बसले!"

सरांच्या स्वतःच्या रक्तात हा आठवा जन्मापासून जवळजवळ नव्हताच. वर्गाला पत्ता नव्हता. स्टाफरूमला होता, कारण काटा टोचला तर रक्त थांबायचं नाही म्हणून डब्यातल्या बांगड्याचे काटे ते प्रयोगशाळेच्या चिमट्याने काढायचे.

"अहो, सोडा की मासे," मी म्हणे.

"रत्नागिरीत राहून? त्यापेक्षा काटा लागून गेलेलं बरं."

एका सकाळी मिरकरवाड्यात बर्फाच्या पाण्यावरून त्यांचा पाय घसरला. मी सोबत होतो. कुठे खरचटलंसुद्धा नाही.

"रगात नाय ना आला? मग काय नाय, मास्तर! गरम तेल चोळा," तिथली मासे विकणारी कोळीण म्हणाली. मीही सुटकेने हसलो.

सर हसले नाहीत. "आत चाललंय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आत साचलेल्या रक्ताने मांडी खांबासारखी टणक झाली. दवाखान्यात आम्ही रांगेने रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, बाटलीभर रक्तात आठवा असून असून किती असणार? वेगळा काढलेला मुंबईत मिळेल. तो थंड ठेवून आणायला आमचा एक सहकारी त्याच कोळणीकडून माशांची बर्फपेटी घेऊन मुंबईला निघाला. आम्ही मुंबईच्या रस्त्याची संगमेश्वरापासूनची वळणं मनात मोजत बसलो. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी सरांचा चेहरा खडूसारखा झाला होता. त्यांनी डोळे उघडले.

"आठवा कुठाय?"

"आलो, सर." मी खाटेवर त्यांना खेटून बसलो.

"उपयोग नाही," ते म्हणाले. "पण बसा."

बर्फपेटी आली तेव्हा त्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती.

पुढल्या वर्षी नव्या सरांनी तो धडा फळ्यावर बाण काढून शिकवला. छान शिकवला असणार. मी त्या तासाला दाराआड शर्ट खोचून उभा होतो. तास संपला, पोरं माझ्यासमोरून निघून गेली.