अळवाखालचं अर्थिंग

रजया शिवायचं ते जुनं मशीन ताईने घेतलं तेव्हा तिचा उजवा खांदा पार आखडला होता. नवरा गेल्यावर ती गंगापूर रोडला आमच्याकडे राहायला आली आणि गोधड्या शिवून स्वतःच्या पायावर उभी राहिली. वर्षानुवर्षं हाताने दोरे घालून खांद्याची ही गत झाली. हात डोक्यापर्यंत जाईना. रोज सकाळी आई तिचा अंबाडा बांधून द्यायची आणि ताई तेवढा वेळ मान खाली घालून बसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, हातशिलाई बंद करा, नाहीतर हात कामातून जाईल. मशीन आलं ते त्यासाठी. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ते बसवलं.

मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. यंत्रं बघून डोळे निबर झालेले. तरी ते मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी बघतच राहिलो. मोठ्या चौकटीत ताणलेली रजई रुळांवरून मागेपुढे, डावीउजवीकडे सरकायची आणि जागच्या जागी वरखाली होणारी सुई तिच्यावर वेलबुट्टी काढत जायची. धागा तुटला की बोटाएवढ्या सेन्सरला ते कळायचं, लाल दिवा लागायचा आणि एवढं धूड गपकन थांबायचं. दोरा तुटल्याचं लोखंडाला कळतं, याचं मला फार अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं.

मशीन आलं म्हणून ताईने मागचं अंगणही नटवलं. तिथे मोरीचं पाणी जायचं आणि त्यावर आईचा अळू माजलेला असायचा. शेडपुढे चिखल नको म्हणून ताईने अळू उपटला, कोबा करून घेतला आणि मोरीचं पाणी पाइपने गटारात सोडलं. अळवाच्या फतफत्याच्या आठवणीने आई कितीतरी दिवस हळहळत होती.

पावसाळाभर आणि थंडीतही मशीन झकास चाललं. ऊन तापायला लागलं तसं त्याचं बिनसलं. लाल दिवा लागायचा, मशीन थांबायचं, आणि बघावं तर धागा शाबूत!

एका रविवारी मी हत्यारांची पिशवी घेऊन बसलो. सेन्सर पुसला, वायरी तपासल्या, शेवटी नवा सेन्सर घातला. मशीन थोडं चाललं आणि पुन्हा थांबलं. आता तर चौकट रुळाच्या टोकाला पोचली की थांबवणारे सेन्सरही चौकट मध्यावर असतानाच खोटी वर्दी द्यायला लागले. माझं डोकं फिरलं.

ताई चौकटीवर हात टेकून उभी होती. म्हणाली, "राहू दे. मी आपली हातानेच शिवते."

"शिव ना! आणि मग बस हात गळ्यात बांधून!" मी खेकसलो.

आई घोटीकडची. तिच्या जिभेला कधी लगाम नव्हता. "रोग म्हशीला अन् औषध पखालीला, असं चाललंय तुझं. दुसरीकडं बघ की जरा."

तिने मला डिवचायला म्हटलं, पण मी विचारात पडलो. सगळे सेन्सर एकदम कसे खोटं बोलतील? मग त्या सगळ्यांना मिळून असलेलं काय? मशीनचं लोखंड. मी मीटरची एक तार न्यूट्रलला लावली आणि दुसरी मशीनच्या लोखंडाला. काटा जेमतेम हलायला हवा होता. तो सरसर चढत गेला. मशीनच्या अंगात वीज उतरली होती.

"ताई, हात काढ!" मी ओरडलो आणि मशीनचा मेन स्विच पाडला.

ती दचकून मागे झाली. मी विचारलं, "तुला काही जाणवत नव्हतं?"

ती तळहात चोळत म्हणाली, "मुंग्या यायच्या हाताला. मला वाटलं, हात चालला माझा. डॉक्टर म्हणालेच होते ना."

पायात रबरी चपला होत्या म्हणून मुंग्यांवर निभावलं. मशीन दर थोड्या वेळाने थांबून बोंबलत होतं आणि माझी बहीण तोंडातून चकार शब्द काढत नव्हती.

अशी उतरलेली वीज जमिनीत जिरावी म्हणून मशीनमधून एक तार बाहेरच्या खड्ड्यात जाते. मीठ आणि कोळसा घालून त्यात पाइप पुरलेला असतो. तेच अर्थिंग. मी बल्बची एक तार फेजला आणि दुसरी या अर्थिंगला जोडली. अर्थिंग धड असतं तर तो लख्ख पेटला असता. पण बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला. मी बाहेर जाऊन कोब्यातलं झाकण उचललं. खड्ड्यातली माती कोरडी ठाक. ही तर अळवाची जागा! मोरीचं पाणी तोडलं आणि उन्हात ती वाळून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बल्ब बंद करून मी आईला म्हटलं, "बादलीभर पाणी ओत यात आणि लांब हो."

"आता पाणी? अळू होता तवा नको होतं," असं म्हणत तिने ओतलं. जमिनीने ते घटाघटा पिऊन टाकलं. मी बल्ब लावला. लाल गेला, पिवळा आला. आणखी एक बादली. आणखी एक. शेवटी बल्ब असा लख्ख पेटला की आम्ही तिघं शेडच्या दारात खुळ्यासारखे बघत उभे राहिलो. इतकी वर्षं विजेत काम करत होतो, पण जमिनीला तहान लागते आणि ती भागलेली दिसते, हे मी तेव्हा पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. आईने तर हात जोडले.

पाण्याने सगळं भागणार नव्हतं. वीज गळत होती ती जुन्या मोटारीतून. तिच्यातली तारेची गुंडाळी नव्याने भरून आणली, खड्डाही नवा केला. मग आधी मीटर लावून, स्वतः हात ठेवून मी खात्री केली आणि ताईला बोलावलं. तिने उजवा तळवा चौकटीवर ठेवला आणि डोळे मिटले. मशीन चालत होतं.

"नाही येत रे मुंग्या," ती म्हणाली आणि रडायला लागली.

खड्ड्याभोवतीचा कोबा फोडून मोरीचं पाणी आम्ही परत तिकडे वळवलं. पावसाळ्यात अळू फुटला. हातशिलाई सुटली होती आणि ताई डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम नेमाने करायची. एका सकाळी आई नेहमीसारखी फणी घेऊन मागच्या पायरीवर बसली होती. ताई खड्ड्यापाशी वाकून फतफत्यासाठी पानं कापत होती. तिचा अंबाडा बांधलेला होता. वाकडा, एका कानाकडे कललेला.

आईने फणी पदराखाली लपवली.