दिलीपनं बदललेला शेवट

माझा जुना मित्र दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर चहा पीत होतो. तसाच टाकून उठलो. त्याला पाच आठवडे झाले, पण अजून एका जागी बसवत नाही. रडू यायचं सोडून रागच येतोय त्याचा...

एमआयडीसीतल्या जर्मन मशीनची पुस्तकं वाचून वाचून हा पठ्ठ्या जर्मन शिकला. दर रविवारी सावेडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हा पंचवीस-तीस जणांना जर्मन सिनेमे दाखवायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून संवाद मराठीत सांगायचा. आठेक वर्षांपूर्वी त्यानं महायुद्धानंतरचा एक सिनेमा आणला. कैदेतून सुटलेला सैनिक कित्येक वर्षांनी घरी येतो. शहराचे ढिगारे झालेले, दारात बायको. ती दोन वाक्यं बोलते आणि सिनेमा संपतो. दिलीप म्हणाला, "आत ये. भाकरी गार होतेय."

"अरे, जर्मनीत कसली भाकरी?" मी ओरडलो. सगळा हॉल हसला, पण मी उठून हॉलबाहेर गेलो. माझा धाकटा भाऊ अशोक भांडून नेवाशाला जाऊन राहिला होता. आईच्या दुखण्यात फिरकला नाही, म्हणून बारा वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेलो आणि त्याला घरी घेऊन आलो.

परवा मुलीनं तोच सिनेमा मोबाईलवर लावून दिला, खाली इंग्रजी अक्षरं. बाई म्हणते, "तुला इथं जागा नाही. जा." मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. दिलीप चुकला, की मला बनवलं त्यानं? मशीनपुरती जर्मन येणारा माणूस, चुकलाही असेल... पण "जा" न कळायला काय झालं! आणि असल्या खोट्या वाक्यावर मी भावाला आणलं? दोन दिवस घरात नुसत्या येरझारा घातल्या. शेवटी न राहवून अशोकला सांगून टाकलं.

तो शेंगा फोडत होता. म्हणाला, "मला म्हाईत हाय, दादा."

"आणि मला बोलला नाहीस?"

"दिलीपभाऊच नको म्हनला. सिनेमाच्या आठवडाभर आधी नेवाशाला येऊन गेल्ता. दादा न्यायला आला तर येशील का, इचारलं. मी व्हय म्हनलो, तवा उठला."

दिल्या, लेका, एवढं करून आठ वर्षांत एकदाही बोलला नाहीस... आता मी भांडू कोणाशी?