पाण्यात पडलां तर?

मालवणच्या धक्क्यावर जाळी शिवत बसणारे ते आजोबा कुठलीही नवी वस्तू दिसली की एकच विचारायचे, "ह्यां पाण्यात पडलां तर?" पुतण्याने कौतुकाने मोबाइल दाखवला तेव्हा हेच. शेजाऱ्याच्या नव्या स्कूटरलाही हेच. लोक हसायचे.

होडीतून समुद्रपक्षी बघायला जायचं म्हणून मी त्यांना दुर्बिणीसाठी पिशवी शिवायला सांगितली. त्यांनी जुन्या रेनकोटचं कापड घेतलं, आत फोमचं अस्तर लावलं आणि दोन्ही कुशींना जाळं तरंगतं ठेवणारे हलके बोये शिवले. टाका घालताना जीभ दाताखाली, बोलणं बंद.

मी दुर्बीण आत ठेवायला गेले, तर त्यांचा हात आडवा आला. "थांब गो. आधी माजो चष्मो बुडांदे."

दुर्बिणीच्या वजनाइतकं जाळ्याचं शिसं त्यांनी पिशवीत भरलं आणि वर स्वतःचा चष्मा ठेवून पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. चष्म्याशिवाय त्यांना सुईसुद्धा दिसत नसे. मी नको नको म्हणेपर्यंत पिशवी धक्क्यावरून खाली गेली होती.

"खंय आसा? तरंगता?" ते भलत्याच दिशेला बघत होते.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. पिशवी लाटांवर मजेत डुलत होती.

एका होडीवाल्याने ती आणून दिली. चष्मा कोरडा निघाला. तो नाकावर चढवून ते माझ्याकडे निरखून बघू लागले.

"दुर्बिणीचां झालां. आता तू पडलंस तर?"

मला पोहता येत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ते उरलेले बोये चाचपू लागले होते.