चार्ज किती लांब?

परवा बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट आवाज झाला, हातावरचे केस उभे राहिले आणि मला अकरावीतला फिजिक्सचा वर्ग आठवला.

सरांनी फळ्यावर ठिपका काढला होता. “हा एकटा चार्ज. एका जागी याचं पोटेन्शियल सहाशे व्होल्ट आणि फील्ड मीटरला दोनशे व्होल्ट. तर चार्ज तिथून किती लांब?”

“तीन मीटर,” मी लगेच म्हणाले.

सरांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या शेजारणीकडे पाहिलं. “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर. पोटेन्शियल काढताना अंतराने एकदा भागतो, फील्ड काढताना दोनदा. मग पोटेन्शियलला फील्डने भागलं की नुसतं अंतर उरतं.”

सरांनी आकडे बदलून पुन्हा विचारलं. मी पुन्हा बरोबर सांगितलं. “सरी,” म्हणजे बरोबर, ते कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, पण कपाळावरची आठी गेली नाही. पुढच्या चाचणीला त्यांनी मला आपल्या टेबलाजवळ एकटीला बसवलं.

मला वाटलं, हा हुशारीचा मान. घरी गेल्या गेल्या मी आईला ऐटीत सांगितलं.

“एकटीलाच?” पोळी लाटता लाटता आई थांबली.

“हो, एकटीलाच!”

सरांचा संशय मला कळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. आईला तो त्याच क्षणी कळला असणार. तिने तव्यावरची पोळी माझ्या ताटात वाढली आणि रोजच्यापेक्षा जास्त तूप घातलं.